एअरसॅट-१ : आयर्लंडचा पहिला उपग्रह
एअरसॅट-१ हा आयर्लंडचा पहिला उपग्रह डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातील विद्यार्थ्यांनी बांधला. युरोपीय अवकाश संस्थेच्या विद्यार्थी-उपक्रमातून २०१७ मध्ये निवडलेला हा उपग्रह १ डिसेंबर २०२३ रोजी कॅलिफोर्नियातून फाल्कन-९ रॉकेटने कक्षेत गेला. आकाराने तो पावाच्या लादीएवढा. पण त्यात दूरच्या गॅमा-किरण स्फोटांचा वेध घेणारे उपकरण बसवले होते. एन्बायो या आयरिश कंपनीच्या तापमान-नियंत्रक लेपांचीही त्यावर चाचणी होती. त्यांतला काळा लेप हाडांच्या कोळशापासून बनतो आणि तोच २०२० मध्ये निघालेल्या सोलर ऑर्बिटर यानाच्या उष्णतारोधक ढालीवर आहे. आराखडा, जोडणी, कंपन-चाचण्या, भूस्थानकावरून नियंत्रण या कामांत विद्यार्थी होते; पुस्तकातून न मिळणारे अभियांत्रिकी शिक्षण त्यांना इथे मिळाले.