गळाला जिवंत माकुल

चकलांब्याहून समुद्र अडीचशे किलोमीटरहून जास्त दूर आहे. तरी गेवराई तालुक्यात गोदावरीकाठी गळ टाकून बसणाऱ्याला हलत्या आमिषाची ताकद सांगावी लागत नाही. गोड्या पाण्यातल्या मरळीसाठी गळाला जिवंत बेडकी लावतात. समुद्रात तीच जागा माकुल (स्क्विड) घेते.

सुरमई, हेकरू, मोडुसा हे सगळे शिकारी मासे माकुलीवर पोसतात. मेलेल्या माकुलीचा तुकडाही चांगले आमिष असतो. तिचे मांस चिवट, त्यामुळे बारक्या माशांनी टोचले तरी ते गळावरून सुटत नाही. पण जिवंत माकुल पाण्यात धडपडते आणि ती धडपड मोठ्या माशाला लांबूनच कळते.

ती पकडायची कोळंबीच्या आकाराच्या जिगने, म्हणजे बनावट आमिषाने. ही युक्ती जपानी कोळ्यांची. जिगच्या शेपटीला सुयांचा झुपका असतो, पण गळासारखा उलटा काटा नसतो. म्हणून माकुल लागली की दोरी ताणलेलीच ठेवायची. क्षणभर सैल पडली तरी ती निसटते. खडकाळ, शेवाळी तळ आणि संध्याकाळची किंवा पहाटेची वेळ हा तिचा पत्ता. रात्री जेटीच्या उजेडात जमलेल्या बारीक मासळीमागेही ती येते.

खरे कसब पुढे आहे. माकुलीला तीन हृदये असतात आणि प्राणवायू भरपूर लागतो. होडीत घेण्याआधी तिला पाण्यावरच धरून शाई सोडू द्यावी, नाहीतर टाकीतले पाणी नासते. टाकी गोल हवी, कारण माकुल वेगाने मागे पोहते आणि कोपऱ्यात आपटून जखमी होते. समुद्राचे ताजे पाणी सतत खेळते ठेवावे आणि गर्दी टाळावी. मोठी माकुल लहान माकुलीला खाते. गळ शेपटाच्या टोकाशी, आतल्या अवयवांना धक्का न लावता ओवला तर ती बराच वेळ पोहत राहते. सुरमईसाठी गळाजवळ तारेचा तुकडा हवाच, तिचे दात साधी दोरी कापतात.

आमिष जिवंत राखण्याची कला भारताला नवी नाही. लक्षद्वीपच्या मिनिकॉय बेटावरचे मच्छीमार होडीतल्या टाकीत बारीक मासे जिवंत ठेवतात, ते समुद्रात फेकून कुप्याचे थवे जमवतात आणि काठीच्या गळाने कुपे ओढतात.

उजेडाचा मोह मात्र आवरायला हवा. प्रखर दिव्यांखाली जमलेला थवा लहानमोठ्यासकट जाळ्यात जातो; 2017 साली केंद्र सरकारने एलईडी दिव्यांच्या मासेमारीवर बंदी घातली, ती योग्यच होती. माकुलीचे आयुष्य जेमतेम वर्षभराचे, त्यामुळे एका हंगामाची वीण बुडाली की पुढच्या हंगामात ती भरून काढायला जुनी माकुल उरत नाही. तेव्हा आमिषासाठी होडीवर दिवे लावू नका, गरजेपुरतीच माकुल धरा आणि खडकाला चिकटलेल्या तिच्या अंड्यांच्या पांढऱ्या शेंगांना हात लावू नका.