बिलावरचे नाव

महाडच्या बाजारपेठेत माझ्या जुन्या परिचयाचे एक कापड व्यापारी आहेत. खाली दुकान आणि वर घर, अशी त्यांची तीन पिढ्यांची वस्ती. बँकेत असताना त्यांच्या पेढीचे खाते मी अनेक वर्षे पाहिले. धनादेश कधी परत गेला नाही, कर्जाचा हप्ता कधी एका दिवसानेही चुकला नाही. अशा गृहस्थांचा अर्ज अडकावा याचे मला नवल वाटले. २०२५ च्या वैशाखात ते घरी आले, कागदपत्रांची पिशवी टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "साहेब, छपरावर सौर पॅनेल बसवायचे ठरवले आहे. सरकारी अनुदानाचा अर्ज पुढे सरकत नाही. म्हणे, नाव जुळत नाही."

मी विजेचे बिल हातात घेतले. त्यावर त्यांच्या आजोबांचे नाव होते. आजोबा १९८७ साली निवर्तले. म्हणजे सुमारे अडतीस वर्षे हे कुटुंब दरमहा, मुदतीच्या आत, हयात नसलेल्या व्यक्तीच्या नावाने विजेचे पैसे भरत होते. नगरपालिकेच्या घरपट्टीवर वडिलांचे नाव होते, आणि तेही २००९ मध्ये गेले. आधार कार्ड आणि बँकेचे खाते मात्र शेठजींच्या स्वतःच्या नावे. एकाच घराची तीन नावे, आणि त्यांपैकी दोन दिवंगतांची.

त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. त्या रात्री मी माझ्या घरचे बिल काढून पाहिले. त्यावर माझ्या वडिलांचे नाव होते. वडिलांना जाऊन अकरा वर्षे झाली. आयुष्यभर दुसऱ्यांचे कागद तपासून सह्या करणाऱ्या माणसाने स्वतःचा कागद कधी उलटून पाहिला नव्हता. म्हणूनच हा विषय समाजबांधवांसमोर मांडावासा वाटला.

प्रथम योजना समजून घेऊ. 'पीएम सूर्यघर मुफ्त बिजली योजना' १३ फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झाली. एक कोटी घरांच्या छपरांवर सौर ऊर्जा आणणे हा तिचा उद्देश असून तिच्यासाठी ७५,०२१ कोटी रुपयांची तरतूद आहे, आणि मुदत २०२६-२७ या आर्थिक वर्षापर्यंत आहे. घरगुती ग्राहकाला पहिल्या दोन किलोवॅटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तिसऱ्या किलोवॅटसाठी १८,००० रुपये अनुदान मिळते. म्हणजे एक किलोवॅटला ३०,०००, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॅटला एकूण ७८,००० रुपये. एका किलोवॅटसाठी साधारण शंभर चौरस फूट मोकळी जागा लागते आणि त्यातून वर्षाच्या सरासरीने महिन्याला शंभर ते एकशे वीस युनिट वीज मिळते. सदनिकांच्या सोसायट्यांनाही सामायिक वापराच्या विजेसाठी प्रति किलोवॅट १८,००० रुपयांचे साहाय्य आहे.

अर्जाची पद्धत अवघड नाही. राष्ट्रीय पोर्टलवर मोबाइल क्रमांक आणि महावितरणचा बारा अंकी ग्राहक क्रमांक देऊन नोंदणी करायची. दहा किलोवॅटपर्यंतच्या अर्जाला तांत्रिक तपासणीसाठी थांबावे लागत नाही. त्यानंतर नोंदणीकृत पुरवठादार निवडायचा, पॅनेल बसवून घ्यायचे, नेट मीटर लावून घ्यायचे, आणि यंत्रणा सुरू झाल्याची नोंद झाली की बँक खात्याचा तपशील द्यायचा. अनुदान थेट खात्यात जमा होते. मात्र या सर्व पायऱ्या एकाच नावाच्या धाग्यात ओवलेल्या आहेत. छप्पर ज्याचे, जोडणी ज्याची आणि खाते ज्याचे, ती व्यक्ती एकच आहे हे कागदांनी सांगावे लागते. आमच्या शेठजींचा धागा पहिल्याच मण्यापाशी तुटला होता.

आणखी एक अडचण व्यापारी घरांची खास आहे. हे अनुदान केवळ घरगुती जोडणीला आहे. खाली दुकान आणि वर घर असलेल्या अनेक वास्तूंत दुकानाच्याच मीटरवरून वर वीज नेलेली असते. बिलावर 'दर संकेत' म्हणून एक ओळ छापलेली असते. जोडणी घरगुती आहे की वाणिज्यिक, हे तिथे कळते. घराची स्वतंत्र घरगुती जोडणी नसेल तर आधी ती घ्यावी लागेल. शेठजींच्या घरी सुदैवाने दोन स्वतंत्र मीटर होते.

"मग नाव बदलून घ्या," असे म्हणणे सोपे. महावितरणकडे त्यासाठी विहित अर्ज आहे. मूळ ग्राहक हयात नसेल तर मृत्यूचा दाखला आणि इतर वारसांचे ना-हरकत पत्र जोडावे लागते. परंतु महाडमध्ये 'कागद' या शब्दाचा अर्थ २२ जुलै २०२१ नंतर बदलला आहे. त्या दिवशी सावित्री आणि गांधारी या नद्यांचे पाणी बाजारपेठेत शिरले. तालुक्यातील तळिये येथे दरड कोसळून वाडी गाडली गेली, शेजारच्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर-सुतारवाडी येथे दरडींनी माणसे नेली. त्या दुःखापुढे कागदांचे नुकसान बोलून दाखवण्यासारखे नव्हते आणि कोणी बोललेही नाही. पण अनेक घरांतील जुनी खरेदीखते, पावत्या, दाखले त्या चिखलात गेले. शेठजींच्या लोखंडी कपाटातील सर्व कागदांचा लगदा झाला होता. मृत्यूचे दाखले नगरपालिकेतून, तर मिळकतीचा उतारा नगर भूमापन कार्यालयातून नव्याने काढावा लागला. त्यात पाच आठवडे गेले.

त्यानंतर आली खरी अडचण. शेठजींचे थोरले बंधू सुरतेस असतात, बहीण पुण्यात. ना-हरकत पत्रासाठी फोन केला तेव्हा मोटाभाई काही वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "आज मीटरवर एकाचे नाव लागते, उद्या घरावर लागते." फोन ठेवल्यावर शेठजींचा चेहरा उतरला. "साहेब, अठ्ठ्याहत्तर हजारांसाठी भाऊ गमवायचा नाही. राहू द्या हे सगळे."

वाचकहो, माझ्या मते या प्रकरणाचे मर्म येथे आहे. दिवंगताचे नाव आपण बिलावर ठेवतो ते केवळ आळसाने नव्हे. ते काढायचे म्हटले की घरात जो प्रश्न विचारायचा नसतो तो विचारावा लागतो. आजोबांचे नाव असेपर्यंत घर सर्वांचे असते. ते खाली उतरले की त्या जागी कोण, हे ठरवावे लागते. म्हणून सर्वजण गप्प राहतात आणि त्या मौनाला आपण एकोपा म्हणतो.

मी मोटाभाईंशी स्वतः बोललो. त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली कायद्याची: विजेचे बिल हा मालकीचा पुरावा नाही. जोडणी कोणाच्याही नावे झाली तरी मिळकतीतील कोणाचाही हक्क त्यामुळे कमी होत नाही वा वाढत नाही. दुसरी व्यवहाराची: ही गोष्ट तोंडी न ठेवता लिहून ठेवू. वकिलांकडून मुद्रांकावर साधा मजकूर करून घेतला. सोयीसाठी जोडणी एका भावाच्या नावे करीत असून छपराच्या वापरास सर्वांची संमती आहे, आणि घरातील सर्व वारसांचे हक्क पूर्वीप्रमाणेच राहतील. मसुदा आधी सुरतेस पाठवला. मोटाभाईंनी तो त्यांच्या वकिलांना दाखवला, एक शब्द बदलायला सांगितला आणि पुढच्या आठवड्यात स्वतः महाडला येऊन सही केली. भगिनी पुण्याहून आल्या. सही करताना हसून म्हणाल्या, "माझे माहेर घरात आहे, मीटरमध्ये नाही." त्या रात्री बऱ्याच वर्षांनी तिन्ही भावंडे एका पंगतीला बसली.

आता थोडा हिशेब, कारण त्यावाचून आपल्या मंडळींचे समाधान होत नाही. समजा, तीन किलोवॅटच्या यंत्रणेचा खर्च १,९५,००० रुपये आला. अनुदान ७८,००० वजा जाता स्वतःचा भार १,१७,००० उरतो. बिलात महिन्याला अडीच हजारांची बचत झाली तर वर्षाला तीस हजार, म्हणजे चार वर्षांच्या आत रक्कम वसूल. परंतु अनुदान शेवटी येते. आरंभी पूर्ण रक्कम उभी करावी लागते. त्यासाठी राष्ट्रीयीकृत बँका तीन किलोवॅटपर्यंत विनातारण कर्ज देतात आणि त्याचा दर इतर वैयक्तिक कर्जांपेक्षा बराच कमी असतो. अनुदान आले की ते कर्जखात्यात भरावे. बिल शून्य होईल या भ्रमातही राहू नये. वापर कितीही कमी झाला तरी स्थिर आकार भरावाच लागतो.

आपल्या भागासाठी तीन सूचना. पहिली: कोकणचा पावसाळा. चातुर्मासात ढग आणि पावसामुळे वीजनिर्मिती बरीच घटते. नेट मीटरमध्ये शिल्लक युनिट आर्थिक वर्षाच्या अखेरीपर्यंत पुढे ओढले जातात, म्हणून हिशेब महिन्याचा न करता वर्षाचा करावा. दुसरी: बॅटरी नसलेली साधी यंत्रणा वाहिनीतील वीज गेली की स्वतःही बंद पडते. दुरुस्ती करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या जिवाच्या सुरक्षिततेसाठी तशी रचनाच असते. वीज गेल्यावरही दिवे लागतील या अपेक्षेने पैसे घालणाऱ्यांची निराशा होते. तिसरी: ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगडात छपरांचे काय केले ते आपण पाहिले आहे. सांगाडा भक्कम घ्यावा, पैसे वाचवू नयेत. आणि २०२१ च्या पुराची खूण भिंतीवर असेल, तर इन्व्हर्टर व मीटर तिच्याहून वर बसवावेत.

या प्रकरणाला आणखी एक पदर आहे. शेठजींच्या दुकानात पोलादपूर तालुक्यातील एका वाडीवरचा मनुष्य पंचवीस वर्षे काम करीत आहे. आमची बोलणी तो ऐकत असे. एके दिवशी संकोचाने म्हणाला, "साहेब, आमच्या गॅसचं पण असंच नावाचं अडलंय." राज्य शासनाच्या २०२४ च्या मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला तीन सिलिंडर मोफत भरून मिळतात, पण गॅसजोडणी घरातील स्त्रीच्या नावे असावी लागते. त्याची पत्नी लाडकी बहीण योजनेची लाभार्थी, जोडणी मात्र त्याच्या नावे. गॅस वितरकाकडे जोडणी पत्नीच्या नावे करणे एवढेच काम होते. ते एका दुपारी झाले, कारण शेठजींनी त्याला त्या दुपारी पगारी सुट्टी दिली आणि मुलाला सोबत पाठवले.

त्याच्या घराचा वीजवापर महिन्याला शंभर युनिटांच्या आत आहे. अशा ग्राहकांसाठी राज्य शासनाने २०२५ मध्ये 'स्मार्ट' ही छपरावरील सौर योजना आणली. एक किलोवॅटसाठी केंद्राच्या ३०,००० रुपयांवर दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला राज्याकडून १७,५०० रुपये आणखी मिळतात. शेठजींनी त्याचाही अर्ज भरून देण्याचे मनावर घेतले आहे. त्याच्या घराची नोंद त्याच्या मयत आईच्या नावे निघाली, हे सांगायलाच नको.

२०१५ मध्ये गॅसचे अनुदान स्वेच्छेने सोडण्याचे आवाहन झाले तेव्हा एक कोटीहून अधिक कुटुंबांनी ते सोडले. आपल्यापैकी अनेकांचा त्यात वाटा होता आणि त्याचा आनंद आहे. गरज नसेल ते सोडावे. नियमाने आपल्याला लागू होणारे साहाय्य घ्यावयाचे असेल तर ते खऱ्या कागदांवर घ्यावे. दुकानाचा मीटर घरगुती दाखवून किंवा जुन्या नावाआडून ते मिळवण्याच्या युक्त्या सांगणारे भेटतात, त्यांना नम्रपणे परत पाठवावे. आणि आपल्या पेढीवर राबणाऱ्याच्या हक्काचे जे असेल ते त्याला मिळवून देण्यासाठी आपल्या शिक्षणाची एक दुपार खर्च करावी. पैशापेक्षा अनेकदा तीच मोलाची ठरते.

येत्या दीपावलीला चोपडापूजनाच्या दिवशी पेढीच्या वह्यांसोबत घराचीही एक फाईल बाहेर काढावी, अशी माझी विनंती आहे. विजेचे बिल, घरपट्टीची पावती, मिळकतीचा उतारा, गॅसचे पुस्तक, शिधापत्रिका, बँकेचे पासबुक हे सहा कागद शेजारी शेजारी ठेवावेत आणि प्रत्येकावरचे नाव मोठ्याने वाचावे. फरक निघाला तर पुढच्या पौर्णिमेच्या आत एका तरी दुरुस्तीचा अर्ज द्यावा. सर्व कागदांची एक प्रत पुराच्या पाण्याहून उंच, किंवा परगावच्या भावाबहिणीकडे ठेवावी.

शेठजींच्या छपरावर भाद्रपदात पॅनेल बसले, कार्तिकात अनुदान जमा झाले. नव्या नावाचे पहिले बिल आले तेव्हा मी तिथे होतो. नव्वदीच्या घरातील बांनी ते डोळ्यांजवळ धरून पाहिले आणि विचारले, "बापुजींचे नाव कुठे गेले?" शेठजी काही बोलले नाहीत. त्यांनी आजोबांच्या नावाचे शेवटचे बिल घडी करून त्या वर्षीच्या चोपड्यात पहिल्या पानाशी ठेवले होते. ते काढून त्यांनी बांच्या हाती दिले.