ड्रॉपडाउनमधून पानाकडे : सर्व्हरवरचे रीडायरेक्ट

ड्रॉपडाउन यादीतून विभाग निवडायचा, बटण दाबायचे आणि त्या विभागाचे पान उघडायचे, ही सोय एचटीएमएल फॉर्म आणि सर्व्हरवरची स्क्रिप्ट मिळून पुरवतात. यादी ‘सिलेक्ट’ या घटकाने आणि तिच्यातले पर्याय ‘ऑप्शन’ने लिहितात. पर्यायाचे दिसणारे नाव आणि सर्व्हरकडे जाणारे मूल्य वेगवेगळे ठेवता येते; १९९५ च्या एचटीएमएल २.० मध्येही ही मुभा होती.

बटण दाबल्यावर निवडलेले मूल्य ‘गेट’ पद्धतीत पत्त्यातल्या प्रश्नचिन्हानंतर जोडून जाते, तर ‘पोस्ट’मध्ये विनंतीच्या पोटातून. पीएचपी किंवा एएसपीतली स्क्रिप्ट ते वाचून त्याच्याशी जुळणारा पत्ता शोधते. तिच्या उत्तरात मागितलेले पान नसते. ३०२ सारखा संकेतांक आणि ‘लोकेशन’ हेडरमध्ये नवा पत्ता असतो. त्या पत्त्यावरचे पान ब्राउझर दुसरी विनंती करून स्वतःच मागवतो.

संकेतांकांचे अर्थ वेगळे आहेत. ३०१ कायमच्या स्थलांतरासाठी असतो आणि ब्राउझर तो साठवून ठेवू शकतो. म्हणून दर वेळी बदलणाऱ्या निवडीला तो चालत नाही. ३०२ तात्पुरता. पण ‘पोस्ट’नंतर ३०२ मिळाल्यावर बरेच ब्राउझर पुढची विनंती ‘गेट’ने करत. हा गोंधळ मिटवण्यासाठी एचटीटीपी १.१ मध्ये ३०३ आणि ३०७ आले : पहिल्यात पुढची विनंती ‘गेट’नेच होते, दुसऱ्यात मूळ पद्धत कायम राहते.

हेडर मजकुराआधी जावे लागतात. पीएचपीच्या सुरुवातीच्या खुणेआधी रिकामी ओळ राहिली आणि बफरिंग बंद असले, तर हेडर आधीच गेल्याची तक्रार येते. शिवाय ‘लोकेशन’ पाठवल्यावर स्क्रिप्ट आपोआप थांबत नाही. पुढे ‘एक्झिट’ लिहावे लागते.

मोठा धोका मूल्याच्या जागी पूर्ण पत्ता ठेवण्यात आहे. स्क्रिप्ट येईल तो पत्ता निमूटपणे वापरत असेल, तर विश्वासू संकेतस्थळाच्या नावाने बनावट पानाकडे नेणारी लिंक कोणीही तयार करू शकतो. याला ‘ओपन रीडायरेक्ट’ म्हणतात. त्यावर उपाय म्हणजे यादीत फक्त क्रमांक ठेवणे, पत्त्यांचा तक्ता सर्व्हरवर राखणे आणि अनोळखी क्रमांक आल्यास मुखपृष्ठ दाखवणे.

हेच काम जावास्क्रिप्टनेही होते. निवड बदलताच पान बदलते आणि सर्व्हरची एक फेरी वाचते. मात्र कीबोर्डवरून पर्याय चाळणाऱ्याला नको ते पान उघडलेले दिसू शकते. बटण असलेला फॉर्म निवड पक्की होईपर्यंत थांबतो आणि जावास्क्रिप्ट बंद असली तरी चालतो.