एजंटची नाडी बघितली का?

समजा, उद्या सकाळी दहाला प्रोजेक्टचा डेमो आहे. तुमच्या ग्रुपने एक एआय एजंट बनवलाय. गावाचं नाव टाकलं की तो हवामानाच्या एपीआयला विचारतो आणि आज फवारणी करावी की नको, ते मराठीत सांगतो. रात्री दोनपर्यंत सगळं झकास चालू असतं. सकाळी एक्स्टर्नल सर कॉलेजच्याच गावाचं नाव टाकतात आणि एजंट छातीठोकपणे सांगतो, 'आज पाऊस नाही, फवारणी करा.' खिडकीबाहेर पाऊस धो-धो कोसळतोय!

झालेलं एवढंच असतं, की रात्री एपीआय कीची मुदत संपली. माहिती आलीच नाही, म्हणून मॉडेलने उत्तर आपल्या मनाने रचलं. साधा प्रोग्रॅम अडला की एरर दाखवून थांबतो. एजंट थांबेलच याची खात्री नाही. व्हायवात फार तर मार्क जातील. पण तोच एजंट खऱ्या शेतकऱ्याच्या हातात असता, तर औषध आणि मजुरी दोन्ही पावसात वाहून गेली असती.

आधी तब्येत विचारा

यावर उपाय म्हणजे 'हेल्थ चेक'. एजंटने काम सुरू करण्याआधी एपीआयला एक छोटीशी हाक मारायची आणि काय उत्तर येतं ते बघायचं. उत्तरात येणारे आकडे कॉलेजच्या भाषेत समजून घ्या. २०० म्हणजे सगळं ठीक. ४०१ म्हणजे गेटवरच अडवलं, आय-कार्ड नाही किंवा जुनं झालंय. ४०३ म्हणजे आय-कार्ड आहे, पण स्टाफरूममध्ये जायची परवानगी नाही. ४२९ म्हणजे कॅन्टीनच्या काउंटरवर तुम्ही फारच वेळा हाक मारलीत, जरा दम धरा. ५०३ म्हणजे काउंटरच सध्या बंद आहे.

इथेच बरेच जण फसतात. सर्व्हरकडून काहीतरी उत्तर आलं, म्हणजे कनेक्शन चालू, असं टूल ठरवून टाकतं. पण ४०१ हेही उत्तरच आहे की! म्हणून चांगलं टूल चार गोष्टी वेगवेगळ्या तपासतं: सर्व्हरपर्यंत पोहोचलो का, की चालते का, परवानगी आहे का आणि उत्तराला किती वेळ लागला.

लिहून ठेवलं नाही, तर टूल नाही

टूल बनवलं की डॉक्युमेंटेशन 'नंतर बघू' म्हणून राहून जातं. पण एजंटच्या बाबतीत ते निव्वळ सबमिशनपुरतं नसतं. अँथ्रॉपिक कंपनीने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेलं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, हे एजंटला बाहेरची टूल्स जोडायचं खुलं स्टँडर्ड. त्यात प्रत्येक टूलसोबत नाव, वर्णन आणि कुठली माहिती द्यायची त्याचा आराखडा असतो. कुठलं टूल कधी वापरायचं, हे मॉडेल तेच वाचून ठरवतं. थोडक्यात, तुमच्या लिखाणाला दोन वाचक आहेत, एक माणूस आणि एक मशीन.

आता 'कनेक्शन तपासतं' एवढंच लिहिलंत, तर दोघांनाही काही कळणार नाही. त्याऐवजी असं लिहा: 'हवामानाची माहिती मागवण्याआधी हे एकदा चालवा. हे फक्त तपासतं, काहीही बदलत नाही. ४०१ आलं तर पुन्हा प्रयत्न करू नका, नवी की लागेल असं वापरणाऱ्याला सांगा. ४२९ आलं तर थांबून मग विचारा. कनेक्शन नसेल तर अंदाजाने उत्तर देऊ नका.' एवढ्या पाच-सहा वाक्यांनी प्रत्येक वेळी फजिती टळेलच असं नाही, पण एजंटला नेमकं काय करायचं ते तरी कळतं.

पत्रकारितेच्या वर्गात बातमीचे सहा 'क' शिकवतात. ते इथेही चालतात. टूल काय तपासतं? कधी चालवायचं? की कुठे ठेवायची? कोणाला कळवायचं? का अडलं? कसं सुरू करायचं? त्यात तीन इशारे जोडा. की कधीही आउटपुटमध्ये छापायची नाही. प्रत्येक पावलाला चेक करायचं नाही, कारण तेही मर्यादेत मोजलं जाऊ शकतं. आणि 'ठीक' म्हणजे त्या क्षणापुरतं ठीक. आलेली माहिती बरोबरच आहे, असा त्याचा अर्थ नाही.

लिहून झालं की ते कोडिंग न केलेल्या मित्राला द्या आणि शेजारी गप्प बसा. तो जिथे 'अरे, म्हणजे काय?' असं विचारेल, ती ओळ पुन्हा लिहा. मग मुद्दाम चुकीची की टाका आणि एजंट काय बोलतो ते बघा. त्याने 'मला माहिती मिळाली नाही' असं सरळ सांगितलं, तर डेमोला निवांत जा.