वाद्य न येणाऱ्याने घडविलेले वाद्य

संगीत कोणी करावे, या प्रश्नाचे प्रस्थापितांकडे ठरलेले उत्तर असते : ज्याला येते त्याने करावे! आणि 'येणे' म्हणजे काय, हे ठरविण्याचा हक्कही अर्थातच त्यांचाच. या मक्तेदारीला न्यूयॉर्कमधील दोन तरुणांनी १९६८ साली दिलेले उत्तर ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने आजही उपलब्ध आहे. 'सिल्व्हर अॅपल्स' हे त्या बँडचे आणि त्याच्या पहिल्या अल्बमचेही नाव. यीट्स या आयरिश कवीच्या कवितेतून ते घेतलेले आहे.

दोघांपैकी सिमियन कॉक्स हा मूळचा चित्रकार. तो एका साध्या रॉक बँडमध्ये गात असे. एका संगीतकार मित्राकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील जुना ऑसिलेटर होता. ऑसिलेटर म्हणजे विजेच्या कंपनांतून एकसुरी नाद काढणारे, प्रयोगशाळेत किंवा रेडिओ दुरुस्तीच्या टेबलावर दिसणारे उपकरण. ते वाद्य नव्हेच. सिमियनने ते रंगमंचावर आणले आणि बँडमधील गिटारवाले एकेक करून निघून गेले! त्यांच्या दृष्टीने तो गोंगाट होता. उरला एकटा ड्रम वाजविणारा डॅनी टेलर.

येथे वाचकांनी थोडे थांबावे. बँड फुटला की नवे गिटारवाले शोधायचे, ही जगरहाटी. या दोघांनी ती जागा भरलीच नाही. सिमियन आणखी ऑसिलेटर जमवीत गेला. त्याला पियानो येत नव्हता, म्हणून पियानोसारखी पट्टी त्याने लावली नाही. तारयंत्रात संदेश पाठविण्यासाठी असते तसली कळ दाबली की सूर सुरू, सोडली की बंद. पहिल्या अल्बमच्या वेष्टनावर या यंत्राचा हिशेब छापलेला आहे : ९ ऑसिलेटर आणि हाताने चालवायच्या ८६ कळा-बटणे. मुख्य सूर, ताल आणि खर्ज हे सारे हातांनी, पायांनी आणि कोपरांनी सांभाळायचे. या यंत्राचे नावही 'सिमियन' असेच पडले.

आता या यंत्राची अडचण पाहा. प्रत्येक ऑसिलेटरला आधी एक सूर लावून ठेवावा लागे. त्यामुळे गाण्यात मोजकेच सूर हाती राहत आणि राग बदलावा तसे स्वर बदलणे अशक्य. मग गाणे एका जागी घुमत राहणार, कंटाळवाणे होणार! ती उणीव टेलरने भरून काढली. त्याने आपले ड्रम ऑसिलेटरच्या सुरांशी जुळवून घेतले आणि तालाची वळणे अशी गुंफली की, स्थिर सुराखाली जमीन सतत हलती राहिली. 'ऑसिलेशन्स' हे अल्बममधील पहिलेच गाणे ऐकावे. नावही त्या उपकरणाचेच. पुढे दोन-तीन दशकांनी नाचण्याच्या इलेक्ट्रॉनिक संगीतात जे सर्रास झाले, ते येथे हाताने वाजविलेले आहे. 'प्रोग्रॅम' या गाण्यात तर मध्येच रेडिओची स्टेशने घुसतात. जे हवेत असेल ते गाण्यात!

अनेक गाण्यांचे शब्द स्टॅनली वॉरन या कवीचे. 'डान्सिंग गॉड्स' हे मात्र नावाहो या मूळनिवासी जमातीच्या विधीवर बेतलेले. श्रेयात नावाहो विधीचा उल्लेख आहे, हे चांगलेच. पण आम्ही कायद्याच्या धंद्यातले. सामूहिक परंपरेचा उल्लेख होतो, पण मानधनाचा धनी कोण, हा प्रश्न आम्हांस सुचल्याशिवाय राहत नाही. कॉपीराइटच्या कायद्याला लेखक म्हणून व्यक्ती सापडते, जमात सापडत नाही. प्रस्थापितांनी नाकारलेल्या माणसांच्या अल्बममध्येही हा प्रश्न उरतोच, हे नोंदविणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

हा अल्बम काढला कॅप रेकॉर्ड्सने. लुई आर्मस्ट्राँगचे १९६४ चे 'हॅलो डॉली' काढणारी हीच कंपनी. १९६९ च्या दुसऱ्या अल्बमच्या वेळी घात झाला. मुखपृष्ठावर पॅन अॅम कंपनीच्या विमानातील चालककक्षात बसलेले हे दोघे आणि पाठीमागच्या बाजूला विमान अपघाताचे अवशेष! विमान कंपनीने दावा ठोकला. बँड मोडला, तिसऱ्या अल्बमचे काम अडगळीत गेले. चेष्टा महागात पडली हे खरेच. पण एका छायाचित्राची किंमत दोन माणसांच्या अख्ख्या उमेदीने मोजावी लागावी, हे आम्हांस आजही पटत नाही.

१९९० च्या दशकात जर्मनीत दोन्ही अल्बमची परवानगीवाचून काढलेली प्रत बाजारात आली. कलावंतांचा हक्क बुडवूनच त्यांचे नाव नव्या पिढीपर्यंत पोहोचले, अशी ही उलटी गंगा! सिमियन पुन्हा मंचावर आला, टेलरही परतला आणि अडगळीतील तिसरा अल्बम १९९८ मध्ये प्रसिद्ध झाला. टेलर २००५ साली गेला. सिमियनने त्याच्या जागी दुसरा ड्रमवाला घेतला नाही. टेलरच्या वाजविण्याचे ध्वनिमुद्रित तुकडे सोबतीला घेऊन तो २०२० मधील मृत्यूच्या आधीची वर्षे एकटाच गात राहिला.