गाडी दारात, भांडण घरात

दारी हत्ती झुलणे ही आपल्याकडची श्रीमंतीची जुनी खूण. पण ज्याच्या दारी हत्ती झुलत असे, त्याच्यापाशी तो बांधायला आवारही असे, हे आपण सोयीस्करपणे विसरलो. मुंबईत हत्ती उदंड झाले, आवार मात्र होते तेवढेच राहिले. तीन बाजूंनी पाणी असलेल्या या चिंचोळ्या शहराला उंच वाढता येते, रुंद होता येत नाही. गिरगाव, दादर, परळ येथील जुन्या इमारती उभ्या राहिल्या तेव्हा गाडी ही डॉक्टर-बॅरिस्टरांची चैन होती. त्या इमारतींच्या आवारात तुळशीवृंदावनाला जागा होती, गाडीला नव्हती.

बँकेतल्या नोकरीत वाहनकर्जाचे असंख्य अर्ज माझ्या टेबलावरून गेले. पगार किती, जामीनदार कोण, आधीची कर्जे कोणती, सारे रकाने असत. गाडी ठेवणार कोठे, हा रकाना मात्र मी कधी पाहिला नाही. बँकेच्या भाषेत गाडी ‘नजरगहाण’ असे. प्रत्यक्षात तिच्यावर नजर ठेवण्याचे काम कर्जदाराची बायको तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून करी!

जपानने हा प्रश्न १९६२ सालीच कायद्याने विचारला. तेथे गाडी घेणाऱ्याला जागेचा दाखला पोलिसांकडून घ्यावा लागतो आणि ती जागा घरापासून दोन किलोमीटरच्या आत असावी लागते. आपल्याकडे ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने असे मत व्यक्त केले, की एकच सदनिका असलेल्या कुटुंबाला, पुरेशी जागा नसताना, चार-पाच गाड्या बाळगू देऊ नयेत. मे २०२५ मध्ये परिवहनमंत्र्यांनी जागेच्या प्रमाणपत्राविना गाडीची नोंदणी होणार नाही, अशी घोषणा केली. घोषणा येतील आणि जातील. आज आपल्या आवारात कोणता नियम चालतो, हे तरी आपल्याला ठाऊक असावे की नाही?

सर्वांत मोठा गैरसमज मालकीचा. ‘मी बिल्डरला रोख पैसे मोजले आहेत, ही जागा माझी!’ हे वाक्य ऐकू आले नाही अशी सोसायटीची सभा मुंबईत झाली नसेल. ३१ ऑगस्ट २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने दहिसरच्या एका सोसायटीच्या खटल्यात हा घोळ निस्तरला. १९६३ च्या महाराष्ट्र मालकी सदनिका कायद्याचा अर्थ लावताना न्यायालयाने सांगितले, की इमारतीच्या खांबांमधली जागा, म्हणजे आपले ‘स्टिल्ट’, हे गॅरेज नव्हे. ती आणि उघड्या आवारातील जागा सर्वांच्या सामाइक मालकीत मोडतात. बिल्डरला त्या सुट्या विकता येत नाहीत. पुढे २०१६ चा रेरा कायदा आला. त्यानेही उघडी जागा सामाइकच ठरवली. नव्या प्रकल्पांत आच्छादित जागा किंवा गॅरेज विकता येते, पण ते करारात नमूद हवे. २०२४ मध्ये महारेराने आणखी एक पाऊल टाकले आणि त्या जागेची लांबी, रुंदी, उंची व नेमके ठिकाण करारासोबत जोडणे बंधनकारक केले. दोन खांबांच्या मधे अशी जागा मिळायची, की गाडी आत जाई पण दार उघडून माणूस बाहेर येऊ शकत नसे, अशा तक्रारींवरचा हा उपाय. घर घेताना करारातली ही पाने चष्मा लावून वाचावीत. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. लहान सदनिकांच्या बाबतीत घरटी एक जागा ठेवण्याचे बंधन मुंबईच्या विकास नियमावलीत नाही. अगदी लहान घरे असतील तर चार घरांमागे एक जागा पुरते. म्हणजे टंचाई नकाशातच लिहिलेली असते.

ही टंचाई वाटायची कशी, हे सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींत सांगितले आहे. संस्थेने दिलेली जागा सभासदाला विकता किंवा परस्पर दुसऱ्याला देता येत नाही. ज्याच्यापाशी गाडी आहे तोच जागेस पात्र, आणि साधारणपणे एकालाच एक जागा. जागा शिल्लक राहिल्या तरच कोणाला दुसरी मिळते, तीही वर्षापुरती आणि दुसऱ्या सभासदाला गरज नसेल तोवर. अर्जदार जास्त आणि जागा कमी असल्या तर दरवर्षी चिठ्ठ्या टाकायच्या. शुल्क सर्वसाधारण सभेने ठरवायचे. जागा घेतली की गाडी तिथे उभी करा न करा, पैसे भरावे लागतात. स्कूटर, मोटारसायकलसाठीही परवानगी आणि शुल्क आहेच.

कागदावर किती सोपे! पण आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडे आणि नऊ जागा. जिन्याला लागून असलेल्या जागेवर एका निवृत्त मास्तरांची फियाट आठ वर्षे उभी होती. चाकांतली हवा गेलेली, खाऱ्या वाऱ्याने तळाचा पत्रा खाल्लेला. मास्तर शुल्क मात्र महिन्याच्या पाच तारखेला चोख भरत. नियमाने त्यांच्यापाशी गाडी होती. ती चालली पाहिजे, असे कोठे लिहिले होते? त्याच जिन्याने दुसऱ्या मजल्यावरच्या एक बाई आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जात. त्यांची टॅक्सी फाटकाबाहेरच थांबे. परतताना दोन माणसांच्या आधाराने ते साठ-सत्तर पावलांचे अंतर त्या कसे तोडत, हे आम्ही सगळे आपापल्या गॅलरीतून पाहत होतो.

अखेर कोणीतरी उपविधींची पुस्तिका सभेत आणली. चिठ्ठ्या टाकायचे ठरले. मास्तर संतापले, ‘पंचवीस वर्षांनी मला लॉटरीत बसवता?’ म्हणाले. चिठ्ठ्या वॉचमनच्या मुलीने उचलल्या. मास्तरांचे नाव निघाले नाही. पुढे दोन महिने ते कोणाशी बोलले नाहीत. मग एके दिवशी त्यांनी गाडीची नोंदणी रद्द करून ती भंगारात दिली. गाडी ओढून नेली त्या दिवशी ते गॅलरीत आले नाहीत. त्या गाडीतून त्यांनी मुलीची पाठवणी केली होती आणि पत्नीला शेवटचे इस्पितळात नेले होते, हे मला नंतर कळले.

ज्यांच्या नावाने जिन्याजवळची जागा निघाली, त्यांनी ती टॅक्सीसाठी मोकळी ठेवायचे कबूल केले. बाईंची टॅक्सी प्रथमच पायरीपर्यंत आली. पुढच्या सभेत ती जागा रुग्णांसाठी कायम राखीव ठेवावी, असा ठराव आला. मांडणारे मास्तर होते.

आवारातले हे झाले. फाटकाबाहेर निराळेच राज्य. ‘आमच्या इमारतीसमोरचा रस्ता’ असा शब्दप्रयोग आपण करतो, पण रस्ता इमारतीचा नसतो. सिमेंट भरलेले डबे, जुने टायर, कुंड्या ठेवून तो अडवण्याचा अधिकार कोणत्याही सोसायटीला नाही. उलट गाडीवाल्यालाही तो आंदण दिलेला नाही. पदपथावर, वळणावर, चौकाजवळ, बसथांब्यापाशी, शाळा-इस्पितळाच्या दारात, दुसऱ्याच्या फाटकासमोर किंवा उभ्या गाडीला लागून दुसरी गाडी उभी करणे, हे सारे केंद्राच्या २०१७ च्या वाहन चालविण्याच्या नियमांनी वर्ज्य केले आहे. सम-विषम तारखांची पाटी असेल तर तारीख रात्री बारा वाजता बदलते, हेही ध्यानात असावे. जुलै २०१९ मध्ये महापालिकेने सार्वजनिक वाहनतळांपासून ५०० मीटरच्या आत बेकायदा गाडी लावणाऱ्यांना दंड लावला, तो मोठ्या गाड्यांसाठी थेट तेवीस हजारांपर्यंत जात होता. ओरड झाली, पुढे दंड उतरला. पण त्या काही दिवसांत रस्ते मोकळे होऊ शकतात, एवढे आपण पाहिले.

नियम पाळायचे ते दंडाच्या भीतीने नव्हे. इमारतीभोवती मोकळी सोडलेली वाट नकाशात असते ती अग्निशमन बंब फिरावा म्हणून. तिथे आपण ‘दोन मिनिटांसाठी’ लावलेली गाडी कोणाच्या घरी धूर निघाला असताना उभी असेल, हे आपल्या हाती नसते.

तेव्हा यंदाच्या वार्षिक सभेला चहा-बिस्किटांच्या आधी पोहोचा. मंजूर नकाशा मागा, जागांची यादी मागा, उपविधी वाचा. तक्रार असली तर जिन्यात नको, लेखी अर्जात असू द्या. चिठ्ठीत नाव निघाले नाही तर पुढच्या वर्षी पुन्हा निघू शकेल. जागा वर्षापुरती असते, शेजार आयुष्याचा असतो.