न पाहिलेले आजोबा

नगर जिल्ह्यात आजोबांची आठवण जपण्याची एक ठरलेली रीत आहे. आजोबा कर्तबगार असतील तर कारखान्याच्या नाहीतर कॉलेजच्या आवारात पुतळा, नावामागे ‘महर्षी’ आणि पुण्यतिथीला वर्तमानपत्रात पानभर अभिवादन. साधेसुधे असतील तर दर्शनी भिंतीवर हार घातलेली तसबीर. माया दोन्हीकडे खरी असते, पण तिसऱ्या पिढीच्या हाती नाव उरते आणि माणूस निसटतो. आजोबा चिडत कशाने, पैशाला कसे होते, आजीशी भांडत का, हे सांगणारे कोणी राहत नाही. ज्यांना ठाऊक असते त्यांना ते सांगणे बरे वाटत नाही. याच जिल्ह्याने एका आजोबांची आठवण मात्र निराळ्या वाटेने शंभराहून अधिक वर्षे चालत आलेली पाहिली आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक ९ मे १९१९ रोजी मुंबईत वारले. आज ते आपल्याला ओळखीचे वाटतात याचे मुख्य कारण त्यांची थोरवी नाही. घरच्यांनी त्यांना देव्हाऱ्यात बसवले नाही, हे ते कारण आहे.

ते देव्हाऱ्यात सहज बसले असते. १८६१ साली कोकणात करजगावला जन्मलेल्या या चित्पावन ब्राह्मणाने १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि नंतरची अनेक वर्षे नगर आणि राहुरीच्या परिसरात अमेरिकन मिशनच्या कामात घालवली. ‘केवढे हे क्रौर्य’ आणि ‘वनवासी फूल’ या कवितांचा कवी तोच. जळगावच्या १९०७च्या कविसंमेलनात चमकलेल्या कोवळ्या ठोमऱ्यांना, म्हणजे बालकवींना, नगरच्या घरात थारा देणाराही तोच. १९१२पासून मिशनच्या ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाची मराठी बाजू त्यांनी अखेरपर्यंत सांभाळली. १९१७ साली मिशनची पगारी चाकरी सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा मांडला. एवढे भांडवल संतचरित्राला पुरे होते. तसे चरित्र झालेही. जे. सी. विन्स्लो या मिशनऱ्याने १९२३ साली इंग्रजीत लिहिलेले पुस्तक जाणते आणि आदरशील आहे. अभ्यासकाला ते लागतेच. मात्र ते वाचून टिळकांचा लळा लागलेला वाचक मला ठाऊक नाही.

लळा लावला तो त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी. वडिलांचे चरित्र लिहावे म्हणून मुलगा देवदत्त आठवणी गोळा करू लागला आणि आईला म्हणाला, तुला आठवते ते लिही. त्यातून ‘स्मृतिचित्रे’ जन्मली आणि १९३४पासून भागाभागाने छापली गेली. मुलाने मागितले वडिलांचे चरित्र, आईने दिला संसार. या संसारातले टिळक शीघ्रकोपी आहेत, लहरी आहेत, हातात आलेला पैसा दारात आलेल्या कुणाच्याही ओंजळीत ओतून मोकळे होणारे आहेत. न सांगता घराबाहेर पडणारे आहेत. सर्वांत मोठे म्हणजे, धर्मांतरासारखा निर्णय बायकोला विश्वासात न घेता करणारे आहेत. त्यापायी लक्ष्मीबाईंना काही वर्षे त्यांच्यापासून दूर, माहेरच्यांच्या आधाराने काढावी लागली. हे दुःख त्यांनी झाकले नाही. पण हिशेब चुकता करण्यासाठीही लिहिले नाही. नवऱ्याच्या वेडेपणाला त्या हसतात तितक्याच स्वतःच्या सोवळेओवळ्याला हसतात. म्हणूनच त्यांनी दाखवलेला दोष वाचकाला तक्रार वाटत नाही, ओळख वाटते. याच हाताने लिहिलेल्या दुष्काळाच्या, प्लेगाच्या, अनाथ मुलांना पदराखाली घेतल्याच्या गोष्टींवर मग आपण बिनदिक्कत विश्वास ठेवतो. राग खरा निघाला की मायाही खरी ठरते. आणखी एक गोष्ट सहज नजरेतून सुटते. हे पुस्तक सुरू होते तेच न पाहिलेल्या आजोबांपासून. सत्तावन्नच्या धामधुमीत लक्ष्मीबाईंच्या आईच्या वडिलांना फाशी झाली आणि त्या धक्क्यातून लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या डोक्यात सोवळ्याचे खूळ शिरले. आजोबांची कीर्ती बाजूला राहते आणि त्यांच्या मरणाने नातीच्या घरात काय घडवले, ते पुढे येते.

यावर एक आक्षेप रास्त आहे. ‘स्मृतिचित्रां’नी कवी टिळकांना झाकोळले नाही का? मराठी वाचकाला विक्षिप्त नवरा पाठ आहे आणि ‘अभंगांजली’ चाळलेली नाही. ख्रिस्ताला तुकोबांच्या भाषेत हाक मारण्याचा त्यांचा खटाटोप, मिशनच्या साहेबी वळणाशी त्यांचे पटेनासे होणे, ‘दरबारा’मागची कल्पना, हे सारे घरगुती गमतींच्या मागे पडले. हे नुकसान मला मान्य आहे. पण दुसरीकडे काय शिल्लक होते तेही पाहावे. लक्ष्मीबाईंनी लिहिले नसते तर वाचक ‘अभंगांजली’कडे अधिक वळला असता, असे मानायला काही आधार नाही. त्यांच्या काळच्या कितीतरी कवींची ना कविता वाचली जाते ना संसार. दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे: मागितले मुलाने, १९३६ साली आई गेल्यावर अखेरचा भाग पुरा केला मुलाने, मग ही साक्ष घरचीच नव्हे का? घरचीच आहे. मात्र घरच्या साक्षीत सहसा वगळले जाते ते इथे छापले गेले, आणि देवदत्तांच्या हाती लेखणी असूनही ते तसेच राहिले. वडिलांचा रागीटपणा मुलाने आईच्या मजकुरातून गाळला नाही, यापेक्षा भक्कम दाखला कुटुंबाकडून काय मागायचा?

आता नातू. अशोक देवदत्त टिळक यांनी आजोबांना पाहिले नव्हते. आजोबांवर त्यांनी लिहिलेल्या चरित्रात्मक कादंबरीचे नाव आहे ‘चालता बोलता चमत्कार’. नावातच हार आणि उदबत्ती आहे, आणि माझ्या म्हणण्याच्या हे उलट जाते हे मी लपवत नाही. नातवाला आजोबा चमत्कारच वाटणार. सोसायचे आजीने सोसले होते. पण याच नातवाने १९८९ साली ‘स्मृतिचित्रां’ची अभिनव आवृत्ती सिद्ध केली, तिला टिपा जोडल्या आणि आजीने सांगितलेले तिच्याच शब्दांत राखले. स्वतःच्या पुस्तकात भक्ती, आजीच्या पुस्तकात प्रामाणिकपणा, अशी त्यांनी वाटणी केली म्हणा ना. बोलण्याचा हक्क आजीचा होता. न खोडण्याची जबाबदारी नातवाची होती, आणि तिसऱ्या पिढीच्या वाट्याला बहुधा तीच येते. छापून आलेल्या कादंबरीपेक्षा तिथे त्यांचे मोठेपण अधिक दिसते, असे मला वाटते.

२०१७ साली ‘स्मृतिचित्रां’चा शांता गोखले यांनी केलेला इंग्रजी अनुवाद आला, तेव्हा उपशीर्षकात मान मिळाला तो तेजस्वी पत्नीला. टिळक नव्या शतकात शिरले ते लक्ष्मीबाईंचे यजमान म्हणून. नगरच्या चर्चांमध्ये रविवारच्या उपासनेला जी गीते म्हटली जातात त्यांत टिळकांची पुष्कळ आहेत. गाणाऱ्यांपैकी कितीतरी जण ती पुस्तक न उघडता म्हणतात, आणि ती रचणारा माणूस घरी कसा होता हे त्यांतल्या ज्यांना ठाऊक असते, त्यांना ते त्याच्या बायकोने सांगितलेले असते.